स्पर्शाची साक्ष : इंद्रियसंवेदना आणि न्यायव्यवहार

न्यायव्यवहाराची मराठी परिभाषा इंद्रियांवर उभी आहे. ‘साक्ष’ या शब्दात डोळा आहे. ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो साक्षी, ही व्युत्पत्ती पाणिनीय परंपरेइतकी जुनी आहे. ‘सुनावणी’त कान आहे. फारसीतून आलेल्या ‘जबानी’त जीभ आहे. ‘ओळखपरेड’ म्हटले की पुन्हा डोळाच. त्वचेच्या वाट्याला मात्र या परिभाषेत असा ठळक शब्द आलेला नाही, आणि ही गोष्ट कोशकाराने नोंदवून सोडून द्यावी इतकी किरकोळ नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या साठाव्या कलमातही हीच उतरंड आढळते. वस्तुस्थिती पाहता येण्याजोगी असेल तर ज्याने ती पाहिली त्याची साक्ष हवी, ऐकता येण्याजोगी असेल तर ज्याने ती ऐकली त्याची हवी. ‘अन्य’ इंद्रियांनी जाणण्याजोग्या सर्व गोष्टी तिसऱ्या, एकत्रित वाक्यात येतात. हा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला; त्याच्या पंचावन्नाव्या कलमात ही रचना तशीच राहिली आहे. त्वचा, नाक आणि जीभ ‘अन्य’मध्ये आहेत. नाकाचा प्रश्न दारूबंदीच्या खटल्यांत येतो. पण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात रक्तातील मद्यार्काच्या प्रमाणाचा आधार घेतला गेल्यामुळे नाकावरचा भार बराचसा उतरला. स्पर्शाच्या बाबतीत असे कोणतेही मापन हाताशी नाही.

ज्या समाजातील अन्यायाचे सर्वांत टिकाऊ रूप स्पर्शाच्या आधाराने घडले, त्या समाजातील न्यायसंस्था प्रामुख्याने पाहण्या-ऐकण्यावर विसंबत असेल, तर तिला तो अन्याय कितपत जाणवू शकतो, हा येथील प्रश्न आहे. खानदेशात १९२९ साली घडलेला एक प्रसंग त्याच्या विचारासाठी जितका उपयोगी पडतो, तितका एखादा प्रत्यक्ष खटलाही क्वचितच पडेल.

त्या वर्षी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. आंबेडकर खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांत फिरले. काम आटोपल्यावर मुंबईच्या वाटेवर ते चाळीसगावला उतरले. धुळे लोहमार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार घातला होता. तेथे जाऊन, चौकशी करून ते परत चाळीसगावला आले. स्थानकावर स्थानिक महार मंडळी त्यांना नेण्यासाठी थांबली होती. वस्ती सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे होती आणि स्थानकाबाहेर टांगे उभे होते. तरीही तासभर कोणी हालेना. शेवटी एक टांगा आला, त्यात आंबेडकर आणि टांगा हाकणारा असे दोघेच बसले. थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता टळली. पुढे नदीवरच्या बिनकठड्याच्या फरसबंद पुलावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, आंबेडकर फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. त्यांचा पाय मोडला. काही काळ त्यांना शुद्ध नव्हती. रोज भाड्याने टांगा हाकणारा माणूस इतका अननुभवी कसा, हा त्यांना पडलेला प्रश्न होता. चौकशी केल्यावर उलगडा झाला. एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकावयास तयार नव्हता, आणि पाहुण्याने पायी यावे हे वस्तीला मानवत नव्हते. तेव्हा तडजोड अशी निघाली की मालकाने टांगा भाड्याने द्यावा, पण हाकू नये. म्हणून कधी टांगा न हाकलेला वस्तीतलाच एक माणूस पुढे बसला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत हा प्रसंग आहे. टांगेवाल्यासारख्या हलकी चाकरी करणाऱ्या माणसालाही कोणत्याही अस्पृश्यापेक्षा, मग तो बॅरिस्टर का असेना, वरचे मानणारी एक प्रतिष्ठा असते, हे आपल्याला तेव्हा कळले, असे आंबेडकर तेथे सांगतात.

या प्रसंगाचा पंचनामा झाला असता तर त्यात काय आले असते? पुलाची रुंदी, दगडांतील अंतर, चाकाची खूण, घोड्याची दिशा, मोडलेले हाड. हे सर्व पाहता येण्याजोगे होते. आणि आरोपी? १८६० च्या दंडसंहितेत बेदरकारपणे वाहन हाकण्याचे आणि त्यातून गंभीर दुखापत करण्याचे गुन्हे होते. ते ज्याला चिकटले असते तो पुढच्या बैठकीवर बसलेला, पाहुण्याचा मान राखू पाहणारा वस्तीतला माणूस. ज्याने हाकण्यास नकार दिला तो स्थानकाबाहेरच उभा होता. त्याने कोणाला हात लावला नव्हता, आणि नेमके तेच त्याचे कृत्य होते. फिर्यादी घाताच्या क्षणी बेशुद्ध. त्याला कारण कळले ते विचारणा केल्यावर, इतरांच्या तोंडून, म्हणजे पुराव्याच्या भाषेत ऐकीव. इतके सगळे जुळून आल्यावर कोणत्याही सचोटीच्या न्यायाधीशाने, कोणताही पक्षपात न करता, चुकीच्या माणसाला दोषी ठरविले असते. इंद्रियांनी येथे खोटे सांगितलेले नाही. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे होते तेवढेच त्यांनी सांगितले.

स्पर्शाचा नकार मागे खूण ठेवीत नाही. तत्त्वज्ञानाच्या अंगाने याचे कारण शोधू लागले की एक विसंगती समोर येते. न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाचा पाया इंद्रिय आणि विषय यांचा सन्निकर्ष, म्हणजे संपर्क, हा मानला आहे. डोळादेखील आपल्या विषयापर्यंत जाऊन पोहोचतो अशी तेथील भूमिका आहे. दिसणे हेही एक प्रकारचे लागणे आहे. मराठी भाषेला हे वेगळे शिकवावे लागत नाही. दृष्ट लागते, ऊन लागते, बोल मनाला लागतो, फळ गोड लागते. कायदासुद्धा मराठीत लागतोच : ‘तीनशेदोन लागले’ असे एखाद्याविषयी म्हटले की कलमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे वाटते. म्हणजे ज्या परंपरेत सर्व ज्ञान हा संपर्क होता आणि ज्या भाषेत सर्व संवेदना ‘लागण्या’तून व्यक्त होतात, त्याच परंपरेत आणि त्याच भाषेत माणसांचा एक मोठा समूह ‘न लागण्यासाठी’ बाजूला काढला गेला.

मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने उजव्या हाताने डाव्या हाताला स्पर्श करण्याचे उदाहरण घेऊन असे दाखविले की स्पर्श करणारा हा त्याच वेळी स्पर्श होणाराही असतो. पाहणाऱ्याला न दिसता पाहता येते. शिवणाऱ्याला मात्र न शिवले जाता शिवता येत नाही. सुंदर सारुक्कै यांनी २००९ मध्ये अस्पृश्यतेच्या संवेदनमीमांसेची जी मांडणी केली, तिच्यामागेही हाच धागा आहे : अस्पृश्यतेचा शोध ज्याला शिवले जात नाही त्याच्यापाशी थांबवून चालत नाही, जो शिवत नाही त्याच्या ठायीही तो घ्यावा लागतो. ही मांडणी मोलाची आहे. तथापि चाळीसगावच्या प्रसंगापुढे ती अपुरी पडते, असे म्हणावे लागते. टांग्यात हाकणारा आणि उतारू यांच्या अंगाला अंग लागलेच पाहिजे असे नाही. मालकाने टांगा दिला, घोडा दिला, भाडे घेतले. विटाळाचाच प्रश्न असता तर टांगाच द्यावयास नको होता. नाकारला गेला तो त्वचेचा संपर्क नव्हे, तर एकाने बसावे आणि दुसऱ्याने त्याच्यासाठी हाकावे हा संबंध. स्पर्श ही येथे संवेदना राहिलेलीच नाही. कोणी कोणाची चाकरी करावी याविषयीच्या नियमाने तिला आधीच शिकवून तयार केले आहे. नियम प्रथम, शिसारी नंतर. इंद्रिये स्वभावतः निरपराध असून त्यांच्यावर समाज पुढे संस्कार करतो, हे नेहमीचे विधान म्हणूनच थोडे सैल वाटते. संस्काराच्या आधीचे इंद्रिय कोणी पाहिले आहे?

स्वतंत्र भारताच्या कायद्याला ही अडचण उमगली होती, याचा पुरावा एका आडबाजूच्या कलमात मिळतो. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अधिनियमाने, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, सार्वजनिक वाहनाच्या वापरास मनाई करणे हा गुन्हा ठरविला. चाळीसगावचा टांगा आता कायद्यात आला. पण खरे महत्त्व बाराव्या कलमाचे आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ते सांगते. नकार देणाऱ्याच्या मनात काय होते ते कोणाला दिसत नाही, ऐकू येत नाही. तेव्हा कायद्याने डोळा आणि कान बाजूला ठेवून गृहीतक स्वीकारले. इंद्रियांच्या मर्यादेची ही कबुलीच होय. मात्र ही कबुली पुरती टिकली नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यात जातीवरून केलेला अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडलेला असावा, अशी अट आली, आणि घराच्या चार भिंतींआड, बाहेरचे कोणी हजर नसताना काढलेले शब्द या अटीत बसत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. डोळा परत आला. अपमान झाला की नाही हे अपमानिताच्या अनुभवावर नव्हे, तर बघ्यांच्या उपस्थितीवर ठरू लागले.

शरीरावरील स्पर्शाच्या बाबतीत डोळ्याची ही मक्तेदारी अधिक जुनी आहे. मराठेशाहीतील न्यायनिवाड्यांत कागद आणि साक्षी अपुरे पडले की दिव्य करीत. त्यांपैकी ‘रवा’ या दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा. मग हात पिशवीत बांधून मोहोरबंद करावयाचा आणि ठरलेल्या दिवशी पिशवी सोडून तो तपासावयाचा. गोतसभेच्या कागदांत आणि महजरांत याची वर्णने आहेत. अशा कागदांच्या शोधात ज्यांनी आयुष्य वेचले त्या वि. का. राजवाडे यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यात झाले, आणि त्यांचे दप्तर सांभाळणारे संशोधन मंडळही धुळ्यातच उभे राहिले. आजच्या वाचकाला दिव्य क्रूर आणि भाबडे वाटते. पण त्याचा व्यूह लक्षात घेण्याजोगा आहे : त्वचेने जे सोसले ते ती स्वतः सांगत नाही, डोळ्याला दिसणारी खूण झाल्यावरच ते पुरावा बनते.

हा व्यूह दिव्याबरोबर गेला नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा खटला, जो मथुरा खटला म्हणून ओळखला जातो, सर्वोच्च न्यायालयात आला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा १९७८ मध्ये रद्द झाली, आणि मुलीच्या अंगावर इजेच्या खुणा नाहीत हा त्यामागील एक महत्त्वाचा मुद्दा होता. दिव्यात हात निर्व्रण निघाला की माणूस खरा ठरे. येथे शरीर निर्व्रण निघाले म्हणून मुलगी खोटी ठरली. दोन्ही ठिकाणी खूण वाचणारा डोळा तोच आहे, फक्त तिचा अर्थ सत्तेच्या सोयीने उलटा झाला आहे. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रानंतर देशभर जे आंदोलन झाले, त्याची परिणती १९८३ च्या दुरुस्तीत झाली. ती दुरुस्ती काय होती? पुन्हा गृहीतक : ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले तर संमती नव्हती असे धरून चालावे. येथेही स्पर्शाचा प्रश्न येताच कायद्याला इंद्रियांचा पुरावा सोडून त्यापलीकडे जावे लागले.

आणि तरीही जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, बालिकेच्या अंगाला कपड्यावरून केलेल्या स्पर्शात त्वचेचा त्वचेशी संबंध आला नाही म्हणून तो बाललैंगिक अत्याचार कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निर्णय दिला. स्पर्शाला प्रथमच त्वचेच्या भाषेत समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे असे वरवर वाटेल. वस्तुतः तो डोळ्याचाच निर्णय होता. दोन पृष्ठभागांमध्ये कापड आहे की नाही हे पाहणारा. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तो रद्द करताना भर दिला तो त्वचेवर नव्हे, तर लैंगिक हेतूवर. (स्पर्शाची साक्ष न्यायालयांनी दीर्घकाळ निःशंकपणे मानली ती एकाच ठिकाणी : बलात्कारितेची तपासणी करणाऱ्या डॉक्टरच्या बोटांची. ती चाचणी २०१३ आणि २०२२ च्या निर्णयांनी निषिद्ध ठरली.)

येथवरच्या विवेचनाला एक गंभीर आक्षेप घेता येईल. इंद्रियांचा पुरावा सोडून गृहीतकावर न्याय उभारावयाचा, तर पूर्वग्रह आणि गृहीतक यांत भेद तो कोणता? हा आक्षेप खानदेशाच्याच भूमीवर तपासावा लागतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनींवरून पसरली होती. अनोळखी वेष, अनोळखी बोली, एका मुलीशी बोलताना दिसणे एवढे पुरले. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. ज्या वास्तूत गावाने ऐकून घ्यावयाचे, त्याच वास्तूत. जमावाने डोळा आणि कान दोन्ही वापरले होते. पाहिले ते खरेच पाहिले होते, ऐकले ते खरेच ऐकले होते. पाहिलेले आणि ऐकलेले यांना जोडणारे जे तिसरे, ते मात्र कोणी पाहिले अथवा ऐकले नव्हते. भटक्यांविषयीचा संशय तेथे आधीपासून होता, आणि तो एकट्या गावाने तयार केलेला नव्हता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून फिरस्त्या जीवनाविषयीच्या संशयाला राज्याची मोहोर दिली होती.

तेव्हा भेद आहे तो पुढीलप्रमाणे. १९५५ च्या कायद्याचे गृहीतक उघडपणे लिहिलेले आहे, ते खोडून काढण्याची संधी आरोपीला आहे, आणि त्याचा भार ज्याच्या हाती नकार देण्याचे सामर्थ्य होते त्याच्यावर आहे. राईनपाड्याचे गृहीतक अलिखित होते, खोडून काढण्यास त्याने अवधी दिला नाही, आणि त्याचा भार सर्वांत दुबळ्यांवर पडला. १८७१ चा कायदा लिखित होता, तरी या तिसऱ्या कसोटीवर तो जमावाच्याच बाजूला जातो. गृहीतक लिखित असणे पुरेसे नाही. त्याची दिशा पाहावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची डोळ्यांवर पट्टी नसलेली नवी मूर्ती आली, तेव्हा तिच्या डोळ्यांविषयी पुष्कळ चर्चा झाली. तलवार जाऊन हातात संविधान आले, याची नोंदही झाली. तिच्या दुसऱ्या हातातील तराजूविषयी फारसे कोणी बोलले नाही. वजन हे डोळ्याने नव्हे, हाताने कळते.

साहित्याच्या अभ्यासकाला या सर्वांत रस असण्याचे कारण पुराव्याची घडण हे आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार सत्र न्यायालयात साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात उतरवून घ्यावी लागे. तिच्या जागी आलेल्या संहितेतही हा संकेत आहे. वकिलाचा प्रश्न गळतो, उत्तर उरते, आणि अनेक उत्तरे जोडून एक सलग प्रथमपुरुषी कथन तयार होते, जे साक्षीदाराने त्या रूपात कधीच उच्चारलेले नसते. न्यायाधीशाला साक्षीदाराच्या आविर्भावाविषयी शेरा लिहिता येतो. चेहरा, घाम, अडखळणे यांवरून खोटा ओळखण्याची युक्ती मनू आणि याज्ञवल्क्य यांच्याही परिचयाची होती. पण आवाज कागदावर येत नाही. धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ च्या फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या पुस्तकात बोलण्याची लय टिकली, कारण लिहिणारा श्रोता होता. न्यायालयातील लेखनिकाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. अहिराणी बोलणाऱ्याचा ‘शे’ प्रमाण मराठीत ‘आहे’ होतो, यातही फारसे काही बिघडत नाही.

बिघडते ते ‘लागणे’ या क्रियापदापाशी. जिल्हा न्यायालयातील मराठी जबानी अपिलात उच्च न्यायालयापुढे जाते तेव्हा तिचे इंग्रजी भाषांतर होते. ‘त्याचा हात लागला’, ‘मला लागलं’, ‘त्याचं बोलणं लागलं’ या तीन वाक्यांतील एकाच क्रियापदासाठी भाषांतरकाराला तीन वेगळी क्रियापदे शोधावी लागतात : स्पर्श, इजा, दुःख. त्यांतील पहिल्याला एक कलम आहे, दुसऱ्याला दुसरे, आणि तिसरे लोकांच्या दृष्टीस पडले नसेल तर त्याला बहुधा कोणतेच नाही. जिथे साक्षीदार नुसते ‘लागलं’ म्हणून थांबते, तिथे तिन्हींपैकी एक निवडून पुढे जावे लागते. आणि अपिलाचे न्यायमूर्ती वाचतात ते निवडलेले.